जहाजावरचा सण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पीण्या औद्योगिक क्षेत्रातील समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी समारंभात वक्त्याने मागील पन्नास वर्षांचे सिंहावलोकन करावे, असा प्रघात आहे. परंतु ज्यांनी ही पन्नास वर्षे स्वतः घडविली तीच मंडळी समोर बसलेली असताना त्यांचाच इतिहास त्यांना ऐकविणे म्हणजे काशीच्या माणसाला गंगेचे वर्णन सांगण्यासारखे आहे. म्हणून आज मी आपणांस जरा वेगळ्या विषयाकडे नेणार आहे. समुद्रप्रवासात असताना आलेले सण, आणि त्यांतही ज्यांचे रीतिरिवाज प्रवाशाला अपरिचित होते असे सण, हा तो विषय.

समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर, कोणत्याही किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, लेथ आणि फाउंड्रीच्या या वसाहतीत समुद्राचे काय काम, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, गेल्या शतकाच्या आठव्या दशकात आकारास आलेली ही पीण्याची वसाहत मला नेहमी एखाद्या मोठ्या जहाजासारखी वाटते. जहाजावर माणसे एकमेकांना निवडून चढत नाहीत. प्रत्येक जण आपल्या कामासाठी चढतो आणि शेजारच्या खोलीत कोण आहे हे बंदर सुटल्यावर त्याला कळते. येथेही तसेच झाले. कोल्हापूर-बेळगावच्या ओतकामाच्या परंपरेतला कारागीर, तुमकूर-मंड्याच्या खेड्यांतून कपड्यांच्या कारखान्यात येणाऱ्या मुली, तमिळ फिटर, मल्याळी हिशेबनीस, ओडिशा-बिहारचे मजूर, हे सारे एकाच डेकवर आले. जहाजावर सण आला तर शेजाऱ्याला वगळून तो साजरा करण्याइतकी जागाच नसते. येथे जागा आहे, दारेही आहेत, आणि ती लावून घेण्याची सोयही आहे. म्हणूनच जहाजावरच्या माणसांनी काय केले, हे आपण पाहण्याजोगे आहे.

आधी आपल्याच परंपरेकडे पाहू. आपल्या कोकणपट्टीत समुद्राचा एक मोठा सण आहे, तो म्हणजे नारळी पौर्णिमा. पावसाळ्यातील बंद संपून नावा पुन्हा पाण्यात जाण्याचा तो काळ. कोळी बांधव वाजतगाजत येतात आणि सागराला नारळ अर्पण करतात. परंतु हा समुद्राचा सण असला तरी त्याची पूजा किनाऱ्यावर उभे राहून होते. समुद्र ओलांडणाऱ्याने सण कसा पाळावा, याचे मार्गदर्शन आपल्या ग्रंथांत मिळणे कठीण, कारण द्विजांचे समुद्रगमनच त्यांनी कलिवर्ज्य ठरविले होते. पंचांगही भूमीला बांधलेले. तिथी ही सूर्य आणि चंद्र यांच्या अंतरावरून ठरते, ती साऱ्या जगाला एकच. पण कोणत्या दिवशी कोणती तिथी धरावयाची हे त्या त्या गावच्या सूर्योदयावरून ठरते. जहाजाला गाव नाही. त्यातून पॅसिफिक महासागरात वाररेषा ओलांडून अमेरिकेकडे जाणाऱ्याला एकच तारीख दोनदा भोगावी लागते आणि उलट येणाऱ्याची एक तारीख हरवते. तारीख माणसांनी ठरविलेली असल्यामुळे ती अशी डळमळते. आकाशातील चंद्र मात्र आपल्या गतीने चालत राहतो. सारांश, समुद्रावर गेलेल्या मराठी माणसाला सण स्वतःच्याच बुद्धीने पाळावा लागला.

या संदर्भात आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. वैद्यकीय शिक्षणासाठी त्या ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेकडे निघाल्या. वय अवघे अठरा वर्षांचे. पती बरोबर नव्हते. सोबत होती ती ख्रिस्ती मिशनरी स्त्रियांची. हा सारा वृत्तांत आपणांस ठाऊकच आहे. परंतु पंचांगाचे गणित मांडून पाहिले, तर त्या निघाल्या तो दिवस फाल्गुनातील अमावास्येचा होता, आणि प्रवासाचा दुसराच दिवस, म्हणजे ८ एप्रिल, हा चैत्र शुद्ध प्रतिपदेचा, गुढीपाडव्याचा होता. शके १८०५ चा पहिला सूर्य या मुलीने आगबोटीवरून पाहिला. जहाजावर गुढी उभारायला ना अंगण, ना कडुलिंबाची डहाळी. तिच्या आसपासच्या माणसांच्या लेखी तो एक साधा रविवार होता. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी जाहीर केले होते. त्या शब्दाची पहिली परीक्षा वर्षप्रतिपदेलाच झाली असे म्हणावयास हरकत नाही. सण जपण्यास साहित्य लागते, माणसे लागतात, हे खरे. परंतु काहीच नसले तर निदान आज कोणता दिवस आहे याची आठवण तरी लागते. ती आठवण हा परदेशस्थाच्या सणाचा किमान ऐवज आहे. आपल्या मंडळाने प्रारंभीच्या काळात आणखी काही केले नसते आणि केवळ ही आठवण जागती ठेवली असती, तरी त्याचे ऋण मोठे झाले असते.

पण आठवण पुरेशी नाही. आपला सण एकट्याने आठवणे ही एक गोष्ट, आणि दुसऱ्याच्या सणात पाहुणा होणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीसाठी समुद्रावरच जन्मलेला एक सण आपण प्रथम पाहू.

जहाज विषुववृत्त ओलांडते त्या दिवशी एक विलक्षण सोहळा करण्याची चाल युरोपीय नाविकांत कित्येक शतके आहे. खलाशांपैकी एक जण दाढी, मुकुट आणि त्रिशूळ धारण करून नेपच्यून म्हणजे समुद्राचा राजा होतो. त्याचा दरबार भरतो. ज्यांनी पूर्वी कधी ही रेषा ओलांडलेली नाही, त्यांना आरोपी म्हणून उभे करतात, त्यांच्यावर हास्यास्पद आरोप ठेवतात, न्हावी त्यांना कसला तरी लेप फासून अवाढव्य वस्तऱ्याने हजामतीचे सोंग करतो, आणि अखेरीस त्यांना पाण्यात बुडवून काढतात. हे झाले की नवशिका जुन्यांच्या पंक्तीला बसतो. पुष्कळ जहाजांवर त्याला तसे प्रमाणपत्रही देतात. नवशिक्यांना इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ बेडकाचे पिल्लू असा आहे. चार्ल्स डार्विन हा 'बीगल' जहाजावरून निघाला तेव्हा फेब्रुवारी १८३२ मध्ये विषुववृत्तावर त्यालाही डोळे बांधून डांबर आणि रंग यांचा लेप लावण्यात आला व पाण्यात उलटे करण्यात आले. पुढे ज्याने साऱ्या जीवसृष्टीची वंशावळ मांडली, त्याला त्या दिवशी बेडकाच्या पिल्लाहून अधिक मान मिळाला नाही.

या सोहळ्यात एक मोठी उदार गोष्ट आहे. येथे जात, धर्म, देश, हुद्दा काही विचारीत नाहीत. तुम्ही ही रेषा ओलांडली आहे की नाही, एवढेच विचारतात. सण कोणाच्याच घरचा नाही, म्हणून तो सर्वांचा होतो. परंतु त्यात एक धोकाही आहे, आणि तोही आपण ध्यानात घेतला पाहिजे. थट्टेची मर्यादा सुटली की तिचा जाच होतो. जुन्या काळी या सोहळ्यात माणसे जखमी झाल्याची उदाहरणे आहेत आणि पुढे नौदलांना त्यावर निर्बंध घालावे लागले. नवागताला आपल्यात घेण्यासाठी त्याला आधी हास्यास्पद करणे, हा जगातील सर्वच जुन्या मंडळींचा आवडता मार्ग आहे. कारखान्यात नव्या उमेदवाराला स्टोअरमध्ये नसलेले हत्यार आणायला पाठवितात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्यात गंमत आहे, ती गंमतच राहील तोवर. अपरिचित रिवाजात ओढल्या जाणाऱ्या माणसाला 'नको' म्हणण्याची सोय असली पाहिजे.

आता एक असे उदाहरण घेऊ की ज्यात सण साजरा होत असताना खरोखरीच प्राणांवर बेतलेले होते. १८९६ च्या अखेरीस मोहनदास गांधी पत्नी कस्तुरबा, दोन मुलगे आणि विधवा बहिणीचा मुलगा यांना घेऊन 'कुरलँड' या आगबोटीने मुंबईहून नाताळकडे निघाले. कस्तुरबांचा आणि मुलांचा हा पहिलाच समुद्रप्रवास. सुधारलेले दिसावे म्हणून गांधींनी मुलांना पारशी धाटणीचे कपडे घातले होते, पायांत बूट-मोजे चढविले होते आणि काट्या-चमच्याने जेवण्याचा आग्रह धरला होता. बुटांनी मुलांचे पाय दुखत, मोज्यांना घामाची दुर्गंधी येई, हे सारे त्यांनी 'सत्याच्या प्रयोगां'त पुढे मोकळेपणाने लिहिले आहे. १८ डिसेंबरला बोट दरबानच्या बंदरात पोहोचली. मुंबईत प्लेग होता, या कारणाने ती आणि तिच्याबरोबर आलेली 'नादेरी' या दोन्ही बोटी विलगीकरणात अडकवून ठेवण्यात आल्या. खरे कारण वेगळे होते. दोन्ही बोटींवर मिळून सुमारे आठशे हिंदी प्रवासी होते, आणि त्यांना उतरू न देता परत पाठवावे, यासाठी दरबानच्या गोऱ्यांच्या सभांवर सभा होत होत्या. परत न गेलात तर समुद्रात ढकलू, अशा धमक्या बोटीपर्यंत पोहोचत होत्या.

अशा अवस्थेत नाताळचा सण आला. बोटीच्या कप्तानाने वरच्या वर्गातील प्रवाशांना भोजनाचे आमंत्रण दिले. प्रमुख पाहुणे होते गांधी आणि त्यांचे कुटुंब. बंदरावर त्याच धर्माचे, त्याच वर्णाचे लोक त्यांच्या जिवावर उठलेले, आणि येथे त्याच धर्माचा एक माणूस त्यांना आपल्या सणाच्या ताटावर बोलावतो आहे! गांधी गेले. भोजनानंतर भाषणे झाली. ही गंभीर भाषणाची वेळ नव्हे हे त्यांनाही ठाऊक होते. तरी त्यांनी पाश्चात्त्य संस्कृती हाच विषय घेतला आणि तिचा पाया बळावर उभा आहे, असे आपले मत शांतपणे मांडले. कप्तानाने त्यांना विचारले की, किनाऱ्यावरच्या लोकांनी आपल्या धमक्या खऱ्या केल्या तर आपल्या अहिंसेचे काय कराल? त्यांना क्षमा करण्याचे बळ ईश्वर देईल अशी आशा आहे, असे गांधींचे उत्तर होते. १३ जानेवारी १८९७ रोजी ते उतरले तेव्हा जमावाने त्यांना खरोखरच मारहाण केली, आणि त्यांनी त्या लोकांवर खटला भरण्यास नकार दिला. नाताळच्या ताटावर दिलेले उत्तर एकोणीस दिवसांनी रस्त्यावर खरे ठरले.

या प्रसंगातून मी जे घेतो ते असे. दुसऱ्याच्या सणात सामील होणे म्हणजे आपली मते दाराबाहेर ठेवून जाणे नव्हे. आणि मतभेद आहेत म्हणून आमंत्रण नाकारणे, हाही शहाणपणा नव्हे. ज्याच्याशी आपला वाद आहे, त्याच्या पंक्तीला बसून, त्याचे अन्न गोड मानून, त्याच्याच समोर आपले म्हणणे सौम्यपणे मांडता येते. हे मी या सभागृहात मुद्दाम सांगतो आहे. सीमाप्रश्नाच्या निमित्ताने अधूनमधून दोन्हीकडे वातावरण तापते. कोणी फलकांवर डांबर फासतो, कोणी गाड्या अडवितो. अशा दिवसांत येथील मराठी कुटुंबांच्या मनावर एक दडपण येते. मुलांना बाहेर हळू बोला असे सांगावेसे वाटते. त्या दिवसांत आपल्या उपयोगी काय पडते? शेजारच्या शेडमध्ये आपण गतवर्षी आयुधपूजेला गेलो होतो की नव्हतो, हेच उपयोगी पडते.

पाहुण्याने कसे वागावे हे गांधींच्या उदाहरणात दिसले. यजमानाने कसे वागावे याचे उदाहरण सुभाषचंद्र बोस यांच्या प्रवासात आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये सुभाषबाबू आणि त्यांचे सहकारी आबिद हसन जर्मनीतील कील बंदरातून एका जर्मन पाणबुडीत बसले. जवळजवळ तीन महिने त्यांनी त्या कोंदट, तेलाच्या वासाने भरलेल्या नळकांड्यात काढले. २८ एप्रिलला मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात, एका रबरी होडीतून, ते जपानी पाणबुडीवर चढले. दुसरा दिवस २९ एप्रिल, जपानच्या सम्राटाचा वाढदिवस, म्हणजे त्या काळी जपान्यांचा मोठा राष्ट्रीय सण. तेथील भाषा अपरिचित, रीती अपरिचित. तरीही त्या पाणबुडीवर आपल्याला घरी आल्यासारखे वाटले, असे आबिद हसन यांनी पुढे सांगितले. याचे कारण यजमानांनी केलेली एक तयारी. हिंदी पाहुणे येणार म्हणून जपानी नाविकांनी निघतानाच पेनांगच्या बाजारातून हिंदी मसाले खरेदी करून आणले होते, आणि पाहुण्यांना तिखट रस्सा खाऊ घातला. सण होता यजमानाच्या सम्राटाचा, आणि मसाला होता पाहुण्याच्या घरचा. त्या युद्धाविषयी आणि त्या सम्राटाच्या राज्याविषयी आपले मत काहीही असो. आतिथ्याचा हा धडा मात्र घेण्यासारखा आहे. पाहुणा येण्यापूर्वी त्याला काय रुचते याची चौकशी करणे, हेच यजमानपण.

आणखी एक वर्ग मला विसरता येत नाही. इंग्रजी कंपन्यांच्या मोठ्या प्रवासी आगबोटींवर भोजनगृहात वाढणारे आणि स्वयंपाकघरात राबणारे पुष्कळसे गोव्याचे ख्रिस्ती बांधव असत, आणि डेकवर काम करणारे पुष्कळसे रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमान. नाताळ आला की गोव्याच्या त्या आचाऱ्यांनी साहेबांसाठी केक भाजावा, मेजे सजवावीत, पेले भरावेत. वास्तविक तो सण त्यांचाही होता. तरी मेजाच्या ज्या बाजूला उभे राहून त्यांनी तो काढला, ती बसणाऱ्यांची बाजू नव्हे. आणि रमजानचे उपवास धरून रत्नागिरीच्या खलाशांनी दोर ओढले असतील, तेव्हा वरच्या मजल्यावरील किती जणांना त्याची दाद होती? सण जहाजावर असतो. पण त्याचे ताट कोणासमोर येते, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. आपल्या गणेशोत्सवात मांडव घालणारा, विजेची तार जोडणारा, रात्री राखण करणारा आणि दुसऱ्या दिवशी पत्रावळी उचलणारी बाई, यांना प्रसाद हातावर मिळतो की पंगतीत पान मिळते, हे प्रत्येक मंडळाने स्वतःस विचारावे.

स्वतंत्र भारताच्या नौदलाचे बोधवाक्य 'शं नो वरुणः' असे आहे; आमच्यासाठी वरुण कल्याणकारी असो. त्या वरुणाच्या राज्यातील दोन अलीकडची उदाहरणे देऊन पीण्याला परततो. मराठी दर्यावर्दी कमांडर दिलीप दोंदे हे एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. 'म्हादेई' नौका घेऊन ते १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले, आणि पाचव्या दिवशी, २३ ऑगस्टला, गणेशचतुर्थी आली. साऱ्या महाराष्ट्रात घरोघरी आरत्या चालू असताना हा एकटा माणूस अरबी समुद्रात शीड सांभाळत होता. दुसरे उदाहरण 'तारिणी' नौकेचे. सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून २१ मे २०१८ रोजी परतल्या. उत्तराखंड, हिमाचल, आंध्र, तेलंगण, मणिपूर अशा निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या या मुली, आणि नौकेची लांबी पंचावन्न फूट, म्हणजे आपल्या एका शेडपेक्षाही कमी. ऑस्ट्रेलियाचे बंदर गाठण्यापूर्वी त्यांना दसरा आणि दिवाळी हे दोन्ही सण भर समुद्रात आले. दसरा म्हटला तरी तो साऱ्या देशात एक नाही. तेलंगणात त्याआधी फुलांची बतुकम्मा रचतात. हिमाचलात कुल्लूचा दसरा आपला संपतो त्या दिवशी सुरू होतो. एवढ्याशा नौकेवर कोणाचा दसरा खरा, असा वाद घालण्यास फुरसत नसते. लाटेवर नाव सावरणारा शेजारचा हात कोणत्या प्रांताचा, हे विचारायलाही नसते.

आता पीण्याकडे येऊ. येथील आयुधपूजा आपण सारे वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. नवमीच्या दिवशी यंत्रे थांबतात. वर्षभर कटिंग ऑइलने माखलेले लेथ धुऊन-पुसून लख्ख होतात, त्यांना विभूती आणि कुंकू लागते, शेवंतीच्या माळा चढतात, फाटकाशी केळीचे खुंट उभे राहतात, गाड्यांच्या चाकांखाली लिंबे ठेवतात, आणि आत कुंकू भरलेला कोहळा दारात फोडून दृष्ट काढली जाते. मग चुरमुरे, फुटाणे आणि मिठाईचे पुडे वाटतात. नव्याने आलेल्या मराठी माणसाला हे सारे प्रथम अपरिचित वाटते. परंतु हीच आपली खंडेनवमी. आपल्या आजोबांनी कोयता, विळा, नांगर, तलवार यांची पूजा केली. येथे ड्रिलिंग मशीनची होते. उत्तर कर्नाटकात दसऱ्याला शमीची म्हणजे बन्नीची पाने देतात, आपण आपट्याची देतो. दोघेही त्याला सोनेच म्हणतो. संक्रांतीला आपण तिळगूळ देऊन गोड बोला म्हणतो, तर कन्नड माणूस तीळ-गुळाचा एळ्ळु-बेल्ल देऊन चांगले बोला असेच म्हणतो. आपल्या हरतालिकेच्या दिवशी येथे गौरी हब्ब असतो आणि सुपातून दिले जाणारे त्यांचे बागिन हे आपल्या वाणाचे सख्खे भावंड आहे. युगादीचा बेवु-बेल्ल हा तर आपल्या पाडव्याचा कडुलिंब आणि गूळच. पूर्वेकडचे कामगार १७ सप्टेंबरला विश्वकर्म्याची पूजा करतात, तीही हत्यारांचीच.

मात्र हे साम्य सांगून थांबणे सोपे आहे, आणि थोडे फसवेही आहे. 'आपले सारे एकच' असे म्हटले की दुसऱ्याचे समजून घेण्याचे श्रम वाचतात. बागिन हे वाणासारखे आहे, पण ते वाण नव्हे. त्याचा स्वतःचा विधी आहे, स्वतःच्या आठवणी आहेत, आणि त्या कन्नडमध्ये आहेत. त्या शेजारणीकडूनच ऐकल्या पाहिजेत. तसेच आपल्या ज्येष्ठागौरी माहेरी का येतात, जेवतात काय, आणि तिसऱ्या दिवशी जातात कुठे, हे आपण तिला सांगितले पाहिजे. आणि तिच्या भाषेत सांगता आले तर फारच उत्तम.

गेल्या पन्नास वर्षांत आपल्या मंडळाने मराठी नाटके केली, हळदीकुंकू केले, मुलांना श्लोक शिकविले. हे कार्य थोर आहे आणि ते चालू राहिले पाहिजे. परंतु पन्नास वर्षांनी एक प्रश्न विचारण्याची वेळ येते. रस्त्याच्या पलीकडे राहणाऱ्या कन्नड कुटुंबाला आपला गणेशोत्सव म्हणजे नेमके काय वाटत असेल? मंगल आरतीचे निमंत्रण, की नुसता कर्ण्याचा आवाज? हा प्रश्न आपल्या मुलांसाठीही आहे. आपली मुले येथे जन्मली, येथील शाळांत शिकली. त्यांच्यासाठी अपरिचित रीतीचा सण आयुधपूजा नाही. अपरिचित आहे ती मंगळागौर आणि बोडण. म्हणजे घरातच दोन किनारे झाले आहेत. मुलाने 'हे का करायचे?' असे विचारले तर 'करायचे असते म्हणून' हे उत्तर त्याला पाण्यात बुडविणाऱ्या नेपच्यूनच्या न्हाव्याचे उत्तर होय. अर्थ सांगावा, अर्थ पटला नाही तरी त्याला पंगतीतून उठवू नये.

म्हणून माझी या मंडळाला नम्र विनंती आहे. येत्या गणेशोत्सवात एक दिवस असा ठेवावा की, त्या दिवशीची सारी पूजा, आरती आणि नैवेद्य यांचा अर्थ मराठीबरोबर कन्नडमध्ये सांगितला जाईल, आणि सांगणारी आपली येथे वाढलेली मुले असतील. त्या दिवशीच्या पंगतीत मांडववाला, वीजवाला आणि राखणदार यांना आधी बसवावे आणि वाढपी कार्यकारिणीचे सभासद असावेत. तसेच येत्या नवमीला आपण आपापल्या शेजारच्या शेडमध्ये पाहुणे म्हणून उभे न राहता अर्धा तास आधी जावे, यंत्रे पुसू लागावीत, माळा ओवू लागाव्यात. दुसऱ्याचा सण डोळ्यांनी पाहून कळत नाही; हात लावला की कळू लागतो. आणि दुसऱ्या दिवशी आपट्याची पाने घेऊन त्यांच्या घरी जावे, व हे सोने कसे झाले ती रघुराजाची आणि कौत्साची कथा सांगावी. कोणाला एखादा विधी आपल्या श्रद्धेत बसत नसेल, तर त्याने तसे सरळ सांगावे आणि बाजूला बसून चुरमुरे खावेत. त्यात कोणी कमीपणा मानू नये.

आनंदीबाईंना पाडव्याच्या दिवशी गुढीला हात लावणारे दुसरे कोणी नव्हते. आपल्याला येथे तशी उणीव नाही. पहाटेच्या पाळीला जाणारा तमिळ फिटर आपल्या गुढीकडे मान वळवून पाहतो, क्षणभर थांबतो. तो विचारीत नाही, कारण विचारावे की नाही हे त्याला कळत नाही. त्याला आपण होऊन हाक मारावी, कडुलिंब आणि गूळ हातावर ठेवावा, आणि त्याचे पुत्तांडु कधी असते ते विचारून घ्यावे. एवढे काम पुढच्या पन्नास वर्षांसाठी या मंडळाने अंगावर घ्यावे, ही इच्छा व्यक्त करतो.